फ्रिजवरचं प्रस्थान

अख्ख्या ग्वाल्हेरात आमच्या साडूंइतका भित्रा माणूस नाही, आणि गेल्या वर्षभरात त्यांच्याइतका हिंडलेलाही दुसरा कोणी नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत असं मी नई सडकेवरच्या आमच्या गाडीस्टँडवर सांगतो, तेव्हा बाकीचे ड्रायव्हर माझं तोंड हुंगून बघतात. पण खोटं नाही. मी व्हॅन चालवतो. त्यांच्या निम्म्या प्रवासात मी होतो, उरलेल्या निम्म्यात त्यांना स्टेशनवर सोडायला आणि आणायला होतो. माझं शिक्षण बेताचं. पाचवीत मास्तर म्हणाले, बाळा, उद्यापासून नाही आलास तरी चालेल, आणि मास्तरांची तेवढी एकच गोष्ट मी ऐकली. त्यामुळे मला नीट क्रमानं सांगता येत नाही, पण जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आमच्या गल्लीत दोन घरं पलीकडे राहतात. उंच, गोरे, ओठांवर अशा मिशा की मुरारच्या छावणीतले जवान त्यांना बघून आपोआप सरळ होतात. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले होते. त्यांची तलवार अजून बैठकीत भिंतीवर आहे, पण ती साडूंनी सुतळीनं खिळ्याला अशी आवळून बांधलीय की पूर्वज स्वतः आले तरी त्यांना सुटणार नाही. का, तर खाली बसलेल्याच्या डोक्यात पडू नये. नळखात्यात आयुष्य काढलं, पण खोल पाणी बघितलं की यांचे पाय गार पडतात. कुठे निघायचं म्हटलं की आधी गॅस बघणार, मग नळ, मग परत गॅस, मग कुलूप असं हिसडणार की एकदा कुलूप कोयंड्यासकट हातात आलं आणि ते बसवण्यात गाडी गेली. गळ्यात दोरीला शिट्टी. गर्दीत चुकामूक झाली तर वाजवायला. माझ्या व्हॅनमध्ये बसतात ते हेल्मेट घालून. आग्रा रोडवर ट्रॅफिकच्या हवालदारानं गाडी थांबवली, आत वाकून बघितलं, मला विचारलं, "इनको क्या हुआ है?" मी म्हटलं, साहेब, यांनी माझं ड्रायव्हिंग बघितलंय. हवालदारानं माझ्या टायरांकडे बघितलं आणि साडूंना सलाम करून सोडून दिलं.

आणि त्यांच्यासमोर 'जातो' म्हणायचं नाही. 'येतो' म्हणायचं. आता आपल्यात सगळेच तसं म्हणतात, पण आमचा अर्धा दिवस हिंदीत जातो, कोणीतरी सहज 'चला, जातो' म्हणून जातं. साडू त्याला जिन्यातून परत बोलावणार, पाण्याचा पेला देणार, 'येतो' म्हणायला लावणार आणि मग सोडणार. थंडीत आमच्याकडे जो मोठा मेला भरतो त्याला ते सबंध सीझन 'जत्रा' म्हणतात. मेला हा शब्द घरात नको.

असा माणूस फिरायला लागला तो ताईंच्या छातीमुळे. ताई म्हणजे माझी मोठी मेहुणी. मी त्याच गल्लीत चड्डी सावरत वाढलो, म्हणून त्या मला अजून अरेतुरे करतात आणि माझं नाव विसरल्यासारखं 'ए सोंगा' म्हणतात. बाई एकदम डॅशिंग. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्यानं कुठे नेलं नाही तरी कधी तोंड पाडून बसल्या नाहीत. पण वर्षापूर्वी त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. मीच दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप आखडलीय, बदलावी लागेल, दिल्लीला जा, आजच्या आज नाही पण वर्ष उलटू देऊ नका. येताना मी आरशातून बघितलं तर साडूंच्या हेल्मेटची काच वाफेनं पांढरी झालेली. पडावाचा पूल उतरल्यावर ताई म्हणाल्या, "आधी मला ओरछा दाखवा. मग बघू टेबलावर झोपायचं."

मला वाटलं आता हे नाही म्हणणार. ओरछा म्हणजे बाहेरचं पाणी, अनोळखी जिने, वटवाघळं. पण साडू काच वर करून घाईघाईनं म्हणाले, "हो हो, ओरछा बघू. दिल्लीची काय घाई आहे." त्या दिवशी मला एवढंच वाटलं की बायकोवर किती जीव आहे माणसाचा. खरा हिशेब मला फार उशिरा कळला, कारण माझी ट्यूबलाइट मुळातच उशिरा लागते. त्या माणसाला प्रवासाची भीती होती, पण ऑपरेशनची त्याहून मोठी होती. दर वेळी दिल्लीचं नाव निघालं की ते स्वतःच म्हणायचे, त्याच्याआधी अमुक ठिकाणी जाऊन येऊ. बाकीचे लोक भीतीमुळे घरात बसतात. हे भीतीमुळे घराबाहेर पडले.

आणि प्रत्येक वेळी माझ्या घरी प्रस्थान. हे आजकाल कोणी करत नाही, म्हणून सांगतो. पंचांगात निघायची चांगली वेळ असते पहाटेची किंवा भरदुपारची, आणि गाडी असते भलत्याच वेळी. मग चांगल्या वेळेला आपण नाही निघायचं, आपलं गाठोडं निघतं. हळदीत बुडवलेल्या रुमालात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि वाटेत लागणारी आपली एखादी वस्तू बांधायची आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे तुमचा प्रवास सुरू झाला. मग तुम्ही दोन दिवसांनी निघा, पण जाताना ते गाठोडं स्वतःच्या हातानं उचलून बरोबर न्यायचं. ज्याचं त्यानंच उचलायचं. आणि ते फिरून आपल्या घरचा उंबरठा ओलांडून आत गेलं नाही पाहिजे, नाहीतर प्रवास मोडला. आमच्याकडे जागा कुठे, म्हणून साडूंनी स्वतः हात लावून बघून, हलवून बघून आमच्या फ्रिजच्या डोक्यावरची जागा पास केली.

ओरछ्याच्या वेळी माझ्यात सेवाभाव जागा झाला. निघायच्या सकाळी मी विचार केला, वयस्कर माणसं, कशाला दोन घरं चालत येतील. उचललं गाठोडं आणि त्यांच्या घरात नेऊन थेट देवासमोर ठेवलं. साडूंनी ते बघितलं आणि खालीच बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मीच घाबरून शेजारणीला हाक मारली. पुढची चांगली वेळ चार दिवसांनी होती. चार दिवस ते बांधलेल्या बॅगांशेजारी बसून राहिले आणि चार दिवस माझ्या बायकोनं मला फ्रिजच्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही. पाणीसुद्धा बाहेर आणून दिलं, कुत्र्याला देतात तसं.

पण एकदा निघाले ते निघाले. ओरछा झालं, उज्जैन झालं, पुण्याला लेकीकडे नातीचं बारसं झालं. तिथे साडूंनी पाळण्याखाली सगळ्या गाद्या अंथरून ठेवल्या. नाव ठेवायला बायका वाकल्या की त्यांचे पाय गादीत रुतायचे, आणि पडलं ते बाळ नाही, आत्याबाईच पडल्या. किल्ल्यावर माकडांसाठी छत्री उघडून हिंडले. थंडीत जत्रेत गेलो तेव्हा ताई मोठ्या चक्रात बसल्या आणि साडू खाली उभे राहून चक्र चालवणाऱ्याला दर फेरीला विचारत राहिले, भैया, नट कसलेत ना. शेवटी तो वैतागून म्हणाला, बाबूजी, तुम्ही चालवा. चक्र थांबल्यावर ताई उतरल्या, गालांवर लाली आलेली, म्हणाल्या, "वरून आपलं घर दिसलं हो. आपलं घर इतकं लहान असेल असं नव्हतं वाटलं." साडू म्हणाले, "गॅस बंद दिसला का?"

त्यांची एकसष्ठी आम्ही हॉल घेऊन केली. एकसष्ट दिव्यांनी ओवाळतात, तर हे पाटावर बसले ते मांडीशी पाण्याची बादली घेऊन. गुरुजींना वाटलं काही कुळाचार असेल, त्यांनी बादलीलाही कुंकू लावलं. ताई ओवाळायला उभ्या राहिल्या, ताट जड होतं, आणि मध्येच त्यांचा हात खाली यायला लागला. चेहरा हसरा, पण कपाळावर घाम. आम्ही लहानथोर टाळ्या वाजवत होतो. साडू मात्र दिव्यांकडे बघत नव्हते, तिच्या हाताकडे बघत होते. त्यांनी पाटावरून उठून खालून ताटाला हात लावला. गुरुजी म्हणाले, उठू नका. ते उठलेलेच राहिले. आपल्याला ओवाळणारं ताट आपणच धरून उभा असलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. मी मोठ्यानं म्हटलं, साडूभाऊ, स्वतःच ओवाळून घ्या आता. सगळे हसले. मला अजून ते हसणं आठवलं की गप्प व्हायला होतं.

चंबळेच्या नावेतली गोष्ट तर स्टँडवर माझ्याकडून मागून मागून ऐकतात. ताईंना मगर बघायची होती. साडूंनी मला आधी नदीवर पिटाळलं. नावाड्याकडची लाइफ जॅकेटं वर रस्त्यापर्यंत आणून दे, म्हणाले, म्हणजे काठापर्यंत ती घालूनच उतरता येईल. नावेत मधोमध बसले, दोन्ही हातांनी फळी धरून, डोळे मिटून. मगर कशी आहे ते ताईंनी त्यांना सांगायचं. मी शहाणा पुढे उभा राहून म्हणालो, ती बघा, ती बघा, आणि बोट दाखवता दाखवता पाण्यात गेलो. गुडघाभर पाणी होतं, पण मला कुठे ठाऊक. मी बुडालो बुडालो म्हणून ओरडलो. साडूंनी डोळे उघडले आणि शिट्टी अशी फुंकली की वाळूवर ऊन खात पडलेल्या सगळ्या मगरी आणि सुसरी सळसळत पाण्यात उतरल्या. मी होतो त्याच पाण्यात. नावेत कसा परत आलो मला आठवत नाही, नावाडी म्हणतो मी उडालो. ताई हसल्या, इतक्या हसल्या, पदर तोंडावर धरून हसल्या. मग हसायचा आवाज थांबला आणि खांदे हलतच राहिले. त्या हसत नव्हत्या, श्वास घेत होत्या. मिळत नव्हता. नावाड्यानं वल्हं थांबवलं. पाण्यावर नुसतं ऊन होतं, कुठे काही हलत नव्हतं, आणि पाण्याखाली आम्ही घाबरवलेली ती जनावरं. साडू त्यांची पाठ चोळत राहिले आणि त्यांच्या तोंडून एकच, "हळू. हळू. हळू." बऱ्याच वेळानं ताई म्हणाल्या, "काही नाही, या सोंगानं हसवलं." मी तेव्हापासून त्यांच्यासमोर विनोद करताना आधी त्यांच्या छातीकडे बघायचो, श्वास नीट आहे का, मगच करायचो. असा विनोद काही होत नाही.

तरी साडू म्हणाले, इंदूरचं लग्न तेवढं होऊ दे. त्यांच्या पुतण्याचं होतं. दिवसभराचा रस्ता, मीच व्हॅन नेली. हॉल दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टमध्ये आइस्क्रीमचे डबे चढवत होते. ताई म्हणाल्या, मी चढते हळूहळू. अर्ध्या जिन्यात त्या बसल्या. बसल्या म्हणजे पाय गेले. ओठ जांभळे. साडूंनी शिट्टी फुंकली. वर्षभर ते तिच्यासाठी ती शिट्टी गळ्यात घालून फिरत होते आणि आता वेळ आली होती. पण खाली वरात उभी होती, बँडवाल्यांना वाटलं शिट्टी म्हणजे चालू करायची खूण. त्यांनी सगळ्या जोरानिशी सुरू केलं. जिन्यात काही ऐकू येईना. साडू परत फुंकत होते, बँड आणखी चढत होता, आणि वरून लोक वाकून साडूंना टाटा करत होते. मी ताईंना धरून बसलो होतो. मी खरं सांगतो, मला काय करायचं ते कळत नव्हतं, मी रडत होतो आणि टाटा करणाऱ्यांना हात हलवत होतो. तेव्हा साडू उठले. ज्या माणसानं आयुष्यात बँडच्या पुढून रस्ता ओलांडला नाही, तो माणूस धावत खाली गेला, त्या गर्दीत घुसला आणि ढोलवाल्याच्या हातातली काठी त्यानं पकडली. ढोल थांबला तसं एकेक वाद्य थांबलं. त्या शांततेत त्यांनी काही ओरडून नाही सांगितलं, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "माझी बायको जिन्यात आहे. कोणी डॉक्टर असेल तर या."

मुलीकडच्यांत एक डॉक्टर होते. ताई त्या दिवशी सावरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. वाटेतलं गुना ओलांडेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की मागे काहीतरी गडगडतंय. साडूंचं हेल्मेट होतं, सीटखाली लोळत होतं. ते उघड्या डोक्यानं ताईंच्या शेजारी बसले होते आणि ताईंचं मनगट धरलं होतं, नाडी बघतात तसं. मी मुद्दाम एक ट्रक जवळून घेतला, ओरडतात का बघायला. ओरडले नाहीत. मला बाबा तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली.

घरी पोचलो. मी बॅगा वर ठेवत होतो आणि साडू अजून चप्पल न काढता म्हणाले, "उद्या दिल्लीची तारीख घेतो."

ताई म्हणाल्या, पुण्याला जाऊन येऊ, बाळ आता बसायला लागलं असेल. ते नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, मग निदान महेश्वर. ते नाही म्हणाले. वर्षभर जो माणूस कशालाही नाही म्हणाला नव्हता, तो नाही म्हणत होता आणि डॅशिंग बाई पलंगाच्या कडेवर बसून साडीचा काठ बोटाला गुंडाळत होती.

"करवतीनं उघडतात म्हणे," ताई म्हणाल्या.

साडूंनी एक चप्पल काढली, दुसरी पायातच राहिली.

"तुम्हाला काय वाटलं, मी हौसेनं फिरत होते? जितके दिवस बाहेर, तितके दिवस टेबलावर नाही. एवढंच करत होते मी."

"मी पण," साडू म्हणाले.

 एका घरात, एका पलंगावर, वर्षभर दोघं एकच चोरी करत होते आणि एकमेकांना पत्ता नाही. मला राहवेना. मी म्हटलं, असं करू, माझ्या गाडीचा एक वॉल्व्ह काढून बसवू, स्वस्तात होईल. कोणी हसलं नाही. मी बॅग उचलून उगाच दुसरीकडे ठेवली.

मग साडू खाली बसले, ताईंच्या पायांशी, आणि म्हणाले, "आल्यावर कुठे जायचं ते सांग."

"कुठून आल्यावर?"

"दिल्लीहून. त्याच्यानंतरचं विचारतोय."

ताईंनी बोटाला गुंडाळलेला काठ सोडला.  मग म्हणाल्या, "द्वारका. समुद्र बघायचाय मला."

समुद्र म्हटल्यावर साडूंनी पलंगाचा पाय धरला. बादलीतून अंघोळ करताना काठ धरून बसणारा माणूस. म्हणाले, "ठीक. द्वारकेचं प्रस्थान आधी ठेवू. दिल्लीचं मागून. ठेवलेलं उचलायला यावं लागतं, तुला माहीतच आहे."

अशा तऱ्हेनं आमच्या फ्रिजवर दोन गाठोडी आली. द्वारकेच्या गाठोड्यात ताईंनी स्वतःच्या हातानं तांदूळ, सुपारी, हळकुंड घातलं, आणि साडूंनी गळ्यातली शिट्टी काढून त्यात टाकली. म्हणाले, समुद्रावर लाटांचा आवाज असतो, हिला लागेल. ताईंनी गाठ मारली, परत सोडली, परत मारली. दोन्ही गाठोडी एका रंगाची, आणि माझ्यासारखा माणूस घरात, म्हणून माझ्या बायकोनं द्वारकेचं भिंतीच्या बाजूला सरकवलं आणि मला शपथ घातली. दिल्लीला निघायच्या दिवशी ताई आल्या, आपलं गाठोडं उचललं, आणि दुसऱ्याकडे एकदा बघितलं. बायकोनं हातावर दही दिलं. ताईंनी तशीच मूठ मिटली, दही बांगड्यांवर ओघळलं. "येते," म्हणाल्या. रोज ऐकतो आपण हा शब्द.

पुण्याहून लेक थेट दिल्लीला गेली होती. आम्ही इथे. आणि साडूंचा एक नियम असा, की तब्येतीची खबर फोनवर द्यायची नाही. चांगली दिली तर नजर लागते आणि वाईट दिली तर खरी होते. एरवी आम्ही याच्यावर हसायचो. ऑपरेशनच्या दिवशी मी स्टँडवर गेलो नाही. फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसलो. कॉम्प्रेसर चालू झाला की फ्रिज थरथरायचा, त्याबरोबर गाठोडंही हलायचं. म्हणून मी फ्रिज बंद केला. दूध नासलं, भाजी नासली, बायको बोलली नाही. संध्याकाळी तिनं भाचीला फोन लावला. भाची म्हणाली, "मावशी, बाबा उद्या तिकडे येतायत, तेच सांगतील," आणि ठेवला. बायकोनं फोन ओट्यावर ठेवला आणि कणीक मळायला घेतली. जेवायला कोणीच नव्हतं तरी मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडू आले. एकटे. आयुष्यात एकट्यानं गाडीत न बसलेला माणूस दिल्लीहून एकटा आला होता. स्वतःच्या घरी गेलेच नाहीत, थेट आमच्याकडे. दाढी वाढलेली, हातात रिकामी पिशवी. मी दारात उभा, बायको माझ्या मागे. विचारायचं होतं. मी जन्मभर नको तिथे बोलत आलो आणि आता हवं तिथे एक शब्द निघत नव्हता. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि सरळ फ्रिजकडे गेले.

माझ्या मनात एकच. यांनी ते उचललं तर. ज्याचं त्यानंच उचलायचं असतं. दुसऱ्या कोणी उचललं तर त्याचा अर्थ एकच.

साडूंनी हात वर केला. गाठोड्याच्या गाठीला बोट लावलं, पक्की आहे का बघितली, आणि हात खाली घेतला.

"फ्रिज का बंद आहे?" म्हणाले.

माझी बायको तिथेच जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मग साडूंनी सांगितलं. ऑपरेशन झालं होतं, पण ताईंच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. त्यांना मिनिटभर आत सोडलं, तर ताईंनी डोळे उघडले आणि दोन बोटं कशीबशी ओठांपाशी नेली. नर्सला वाटलं पाणी मागतात, ती म्हणाली, अभी नहीं मिलेगा अम्मा. ताईंनी परत बोटं ओठांपाशी नेली आणि गाल जरासे फुगवले. "मला कळलं," साडू म्हणाले, "शिट्टी. गाठोडं जागेवर आहे का, विचारत होती. म्हणून बघायला आलो. फोनवर तुझं काय खरं धरायचं, तू ते देवासमोर नेऊन ठेवलेलं असशील." चहा घेतला, घरून ताईंचे कपडे घेतले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

आता ताई घरी आहेत. समुद्राचं डॉक्टर म्हणतात बघू, थंडी गेल्यावर बघू, घाई नको. जिना नाही, हसणंही बेतानं. आवाज अगदी बारीक झालाय, आतल्या खोलीतून मारलेली हाक बाहेर पोचत नाही, म्हणून साडूंनी मुरारच्या बाजारातून दुसरी शिट्टी आणून त्यांच्या उशाशी ठेवलीय. पहिली गाठोड्यात आहे, तिला हात लावता येत नाही. दुपारी चहा हवा झाला की ताई शिट्टी वाजवतात. दोन घरं ओलांडून आमच्याकडे ऐकू येते. आम्ही पण मग चहा टाकतो.

परवा वाजली नाही. मला भाडं होतं, गाडी काढायची होती, चहाची वेळ होऊन गेली तरी वाजेना. मी किल्ली हातात घेऊन फ्रिजकडे बघत उभा राहिलो. बायको ओट्याशी, आधण उकळून उकळून आटत चाललेलं. जाऊन बघू का म्हटलं तर दोघांपैकी कोणीच हललं नाही. मग वाजली. एकदाच, आखूड, मध्येच दम पुरला नाही तशी. बायकोनं पातेल्यात पाणी वाढवलं आणि डोळे पुसत मला म्हणाली, "जा आता, गिऱ्हाईक थांबलंय."

मी म्हटलं, "जा नाही, ये म्हणावं."

आणि चहा न घेता दारापर्यंत गेलो, तिथून परत आलो, गॅस बघितला.